अकराशे चाळीस रिकाम्या फायली

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, एका कोशाच्या कार्यालयात संगणक सांभाळते. पुढच्या आठवड्यात माझी शस्त्रक्रिया आहे. त्याआधी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना, माझ्यामागे काय कोणाचं ते लिहून ठेवत आहे. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दादाला तो पुरणार नाही. माझा कुठलाच दाखला त्याला कधी पुरला नाही.

१. दादास माझा कीबोर्ड. "तुझं काम म्हणजे हा शब्द काढ, तो घाल. त्यात काय एवढं?" असं तो पाहुण्यांसमोर वीस वर्षं विचारत आला. आता त्याने निवांत बसून हजारभर फायलींत एकेक शब्द हाताने बदलावा आणि उत्तर स्वतःच शोधावं.

२. मालकांस माझ्या सर्व स्क्रिप्ट, म्हणजे संगणकासाठी लिहून ठेवलेले हुकूम. रोज सकाळी ते कोशाच्या नोंदींतल्या तारखा आणि वर्गवारी दुरुस्त करतात. "आमच्याकडे सगळं आपोआप होतं," असं मालक अभिमानाने सांगतात. ते आपोआप म्हणजे मी. कोणती ओळ काय करते, हे प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला लिहिलं आहे. वाचायची सवय नसल्यास माणूस नेमावा.

३. ताईस माझं कपाट आणि आतलं सगळं. आजवर तिने नेलेलं आणि परत न केलेलंही तिचंच, म्हणजे मनाला लागून राहायला नको.

४. माझी दोन खोल्यांची सदनिका आमच्या जुन्या मुद्रितशोधक काकांस. ते न घेतील तर ताईस. कारण असं.

नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी सगळ्या नोंदींतला एक जुना संक्षेप बदलायला मी सेडची, म्हणजे शब्द शोधून बदलणाऱ्या हुकमाची, एक ओळ लिहिली. घाईत, ज्या फाइलमधून वाचायचं तिच्यातच दुरुस्त मजकूर लिहायला सांगितलं. अशा वेळी संगणक आधी फाइल रिकामी करतो, मग वाचायला जातो. अकराशे चाळीस फायली एका सेकंदात कोऱ्या झाल्या. बॅकअप दीड वर्षापूर्वीचा होता. तो घेणंही माझंच काम. काकांची दीड वर्षाची तपासणी गेली.

मालकांनी विचारलं, "मशीनला हात कोणी लावला?"

"मघाशी मी कीबोर्डवरचा खालचा बाण दाबला होता," काका म्हणाले.

बाण दाबून फायली कोऱ्या होत नाहीत, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

"या वयात कशाला नसते उद्योग करता?" मालक म्हणाले. मी स्क्रीनकडे बघत राहिले. त्याच महिन्यात काका घरी बसले. मला बढती मिळाली, काळजीपूर्वक काम करते म्हणून.

चूक माझी होती. त्यांची नव्हती. हे कलम कार्यालयाच्या फलकावर लावावं.

हे सर्व मला वाचून दाखवलं आणि मी माझ्या हाताने सही केली.

साक्षीदार पहिली: शेजारची नर्स. (सही)

साक्षीदार दुसरे: कलम चारमधले काका. वकीलबाईंनी त्यांना दोनदा बजावलं, "काका, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही केलीत तर घर गेलं."

"घर राहू दे," ते म्हणाले. "हिने हे शुद्धीत लिहिलं, तेव्हा समोर कोणीतरी होतं, असं उद्या हिच्या दादाला सांगणारा माणूस लागेल ना? पेन द्या." (सही)

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल.
दिनांक: ११ मार्च २०२४