कोर्टाच्या बोळातली दोन मिनिटं

वॉलनट फोर्क, नेब्रास्का
१४ मार्च, गुरुवार

प्रिय डोरीन,

तू आणि एमिल तिकडे ॲरिझोनात खुशाल असाल. गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं असं कळलं. आता चालायला लाग, नाहीतर एमिल तुला खुर्चीतून उठूच देणार नाही. इकडे सगळं ठीक. गारठा अजून हटत नाही. कोर्टाचं छप्पर पुन्हा गळतंय आणि लोक पुन्हा मलाच धरतात.

काउंटीचे आम्ही तिघे कमिशनर अजून कॅफेत तीन वेगळ्या टेबलांवर बसतो. दोघं एकत्र बसलो की बहुमत झालं, कायद्याने ती सभाच होते. गेलन लांबूनच ओरडतो, "लोवेल, हवेवर बोललं तर चालेल का रे?" पण या महिन्यात विषय असा होता, की हवेवरसुद्धा बोलवेना.

कोर्टात व्हिडिओ यंत्रणा बसवायची होती. कॅमेरे, दोन मोठे पडदे, खर्च चौऱ्याऐंशी हजार डॉलर. आरोपींनी ऐंशी मैलांवरच्या तुरुंगात बसूनच न्यायाधीशांसमोर हजर व्हायचं. शेरीफला ती हवीच होती. बर्फातली ने-आण वाचते. गेलन म्हणाला, कैद्यांची गाडी कायमची बंद केली तर पाच वर्षांत पैसे वसूल. आमची तिसरी, ट्रूडी, गाडी बंद करायला तयार नव्हती. म्हणजे निकाल माझ्या हातात, आणि मी तर काउंटीतला एक नंबरचा चिक्कू. सगळ्यांनी मला गेलनच्या बाजूला धरूनच टाकलं होतं.

खरं सांगू? मीही धरलं होतं. पण सोमवारभर तुझी आठवण पाठ सोडेना.

नऊ वर्षांपूर्वी, तू शेरीफच्या पोलिसांत असताना, केंड्राला नशेच्या गोळ्यांच्या प्रकरणात पकडलं. तू माझ्या लेकीला बेड्या घालून कोर्टाच्या बोळातून नेत होतीस आणि नेमकी तिथल्याच माझ्या ऑफिससमोर थांबलीस. "थांब गं पोरी, बुटाची नाडी सुटली," असं मोठ्याने म्हणालीस. डोरीन, तुझ्या बुटांना नाड्याच नव्हत्या, चेन होती! कैद्याला वाटेत कुणाला भेटू द्यायचं नाही, हा नियम तुला माझ्याहून जास्त पाठ.

दोन आठवड्यांनी तुझी नाडी पुन्हा सुटली, तेव्हा मी बाहेर आलो. तिचे हात हातात घेतले. तिने विचारलं, "बाबा, आई जेवते ना?" एवढंच. तिथून पोरगी सावरत गेली. आज ती दवाखान्यात नोकरी करते, स्वतःच्या घरात राहते.

पहिल्या वेळेबद्दल लिहायचं मी टाळतोय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. त्या दिवशी मी आत होतो. तुझा आवाज ऐकून उठलो, बोळात गावातली चार माणसं दिसली आणि दार लावून घेतलं. केंड्राला नंतर सांगितलं, पुलाच्या पाहणीला गेलो होतो. तू हे कधी कुणाला बोलली नाहीस. आणि तुझ्या निवृत्तीच्या दिवशी मी केक खाल्ला, मानपत्रावर सही केली आणि तुझे आभार न मानताच घरी गेलो. मला माझी लाज वाटते.

मंगळवारी भर सभेत मी हे सगळं सांगितलं. तुझं नाव तेवढं घेतलं नाही. म्हणालो, "पडद्यावर माणूस दिसेल, पण वाटेत कुणाला त्याच्यासाठी थांबता येणार नाही. गाडीवरही खर्च करा." गेलनने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "लोवेल, तुझ्या तोंडून 'खर्च करा' ऐकायला इतकी वर्षं जगलो म्हणायचं!" यंत्रणा मंजूर झाली, लांबच्या साक्षीदारांची सोय होईल. पण गाडीचे पैसेही तसेच ठेवले. कुणाला समक्ष आणायचं ते न्यायाधीश ठरवतील. गाडीच नाही, असं मात्र त्यांना कुणी सांगू शकणार नाही.

सभेचा वृत्तान्त आपल्या साप्ताहिकात छापून येतो. त्याआधी आपल्या तोंडाने सांगावं म्हणून संध्याकाळी केंड्राकडे गेलो. ती बटाटे सोलत होती. सगळं ऐकलं, पण सोलणं थांबवलं नाही.

"मला माहीत होतं, बाबा. तुमच्या दाराची काच दुधी आहे. सावली दिसत होती, अगदी दाराशी. म्हटलं, खुर्चीत बसून तर राहिले नाहीत, उठून इथवर आलेत. तेवढ्यावर मी ते दोन आठवडे काढले."

डोरीन, त्या दारापर्यंत मला तू आणलंस.

तुझा जन्माचा ऋणी,
लोवेल व्हाव्रा