बरकत, दोन, तीन

रविवार, ४ ऑक्टोबर

ट्यूनिसहून सकाळी सातला गाडी सुटली, दहाला केफ गावात पोचली. आठ उतारू आणि एक कोंबडा. वाटभर कोंबड्याखेरीज कुणी शहाणपणाचं बोललं नाही. भाचीचा नवरा नौफल उतरवून घ्यायला आला होता. माझी पेटी उचलताना त्याने विचारलं, की खाला, यात दगड भरलेत का. मी म्हटलं, पुस्तकं आहेत, आणि जावयाने सासरच्या ओझ्याविषयी बोलू नये. हसला. मुलगा चांगला आहे.

एकतीस वर्षं गणित शिकवलं, त्यातली अकरा मुख्याध्यापिका म्हणून. जूनमध्ये निवृत्त झाले. रिकामपण मला मानवत नाही, म्हणून सौसनचा निरोप आला तेव्हा खरं तर आनंदच झाला. सौसन माझ्या धाकट्या बहिणीची पोर. बहीण गेल्यावर मीच वाढवली. आता तिची पाचवी खेप, नववा महिना लागलाय, आणि डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही असं बजावलंय.

घर चढावर आहे. वर खोल्या, मध्ये उघडं अंगण, अंगणातून चार पायऱ्या उतरून एक थंडगार दगडी कोठार. नौफलचं घराणं बाजारात धान्य मोजून देणाऱ्यांचं. आता बाजार काट्यावर चालतो, पण आजोबांचं मोठं लाकडी माप अजून कोठारात पालथं ठेवलेलं आहे. रिकामं माप उताणं ठेवत नाहीत, म्हणे.

मुलं चार. हैथम दहा वर्षांचा, अर्धे शब्द गिळतो. बेया आठची, ती या घराची खरी गृहिणी. लुत्फी सहाचा, पुढचे दोन दात पडलेले, कडक उन्हातही लाल रबरी बूट घालून हिंडतो. दुर्रा तीन वर्षांची, चावते.

संध्याकाळी कुसकुस मी केलं. लुत्फीने सांगितलं, की आजीचं जास्त चांगलं असतं, पण तुझंही आम्ही खाऊ. झोप छान लागेल.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

घरात शिस्त नावाला नाही. कोण जेवलं, कोणाची अंघोळ झाली, कुणाला पत्ता नाही. काल दुर्रा तासभर दिसेना. कणकेच्या पातेल्यामागे झोपलेली सापडली. मी उपाय केला. न्याहारी, दुपार, संध्याकाळ, तीनदा हजेरी. अंगणात रांग, वयाप्रमाणे, प्रत्येकाने आपला आकडा मोठ्याने म्हणायचा. दाराजवळ पाटी टांगली आणि खडूने लिहिलं: मुलं ४.

लल्ला तुर्किया, म्हणजे नौफलची आई, दाराशेजारच्या खोलीत असते. डोळ्यांनी फारसं दिसत नाही, कान मात्र शाबूत. हजेरी ऐकून काठी टेकत बाहेर आली. लेकरं मोजू नयेत, म्हणाली. मी विचारलं, का बरं. मग म्हणाली, मोजायचीच तर निदान "एक" म्हणू नका. मापाऱ्याच्या घरात पहिल्याला एक म्हणत नाहीत, "बरकत" म्हणतात. बरकत, दोन, तीन. बरकतीला काठ नसतो. एक म्हटलं की हिशेब सुरू होतो, आणि शेवटचा आकडा म्हटला की पोत्याचं तोंड बांधलं जातं.

मी म्हटलं, लल्ला, मी एकतीस वर्षं चाळीस-चाळीस पोरांची हजेरी घेतली, एकही सांडलं नाही.

"अहो हेडबाई," ती म्हणाली, "शाळेतली पोरं संध्याकाळी आपापल्या घरी जातात. ही कुठे जाणार?"

पाटी काढली नाही.

रविवार, ११ ऑक्टोबर

हजेरी रुळली. हैथम "ए..." असं काहीतरी पुटपुटतो, बेया "दोन" ठणकावते, दुर्रा "चाल" म्हणते. मधल्या लुत्फीने रोज एकच खोडी चालवली आहे. "तीन" म्हणायच्या ऐवजी छाती काढून ओरडतो, "गैरहजर!" भावंडं हसून लोळतात. पहिल्या दिवशी मीही तोंड फिरवून हसले. आज दम दिला. नावाने पुकारलं, लुत्फी! तरी उत्तर तेच. त्याच्या तोंडून एकदाही "हजर" निघालं नाही. मी म्हटलं, हट्टात तू माझ्यावर गेलास. तो म्हणाला, मी कुठेच गेलो नाही, इथेच आहे, म्हणून तर गंमत.

दुपारी तो कोठारात त्या मापात बसलेला सापडला, गुडघे हनुवटीला लावून. बरोबर मावतो. लल्ला एवढी ओरडली, की सौसन वरून उठून आली. माप पुन्हा पालथं घातलं.

बुधवार, १४ ऑक्टोबर

आज एक गोष्ट घडली. जशी घडली तशी लिहिते.

दुपारी अंगणात चादरी वाळत होत्या. मुलं पलीकडे खेळत होती. मी स्वयंपाकघराच्या दारातून हजेरी पुकारली. चादरींमागून उत्तरं आली: एक. दोन. गैरहजर. चाल. मी बरं म्हणून हरभरे निवडू लागले.

पाच मिनिटांनी दार वाजलं. नौफल आणि हैथम. हैथमचे केस नुकतेच कापलेले, मानेवर पावडर. दोघं जेवण झाल्याबरोबर न्हाव्याकडे गेले होते.

चादरी बाजूला सारल्या. तीन मुलं. बेयाला विचारलं, "एक" कोण म्हणालं. ती म्हणाली, तूच म्हणालीस ना, खाला. लुत्फी म्हणाला, नाही, कोठाराच्या पायरीवरून कुणीतरी म्हणालं. तो आवाज मलाही आठवतो. स्वच्छ, खणखणीत "एक". माझ्या शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखा. हैथमने असा स्पष्ट "एक" आजवर कधी म्हटलेला नाही.

माझ्या कानांना भास झाला असेल. अठ्ठावन्न वर्षांचे कान आहेत.

गुरुवार, १५ ऑक्टोबर

लल्लाला सांगायचं नव्हतं. लुत्फीने सांगितलं. तिने मला खोलीत बोलावून दार लावलं. ओरडली नाही, त्याचं जास्त वाटलं.

म्हणाली, घराने तुमचे चार मनावर घेतलेत. कमी पडले तर भरतं, जास्त झाले तर सांडतं. मग विचारलं, की तोंड बांधलेल्या पोत्यावर आणखी धान्य ओतलं तर काय होतं. वर सौसनच्या पोटात पाचवं आहे, हे तिला मला सांगावं लागलं नाही.

पाटी पुसली. पुन्हा हजेरी घेणार नाही. वेडेपणा म्हणून नव्हे, म्हातारीच्या समाधानासाठी.

आकडा गेला. खडूचा ठसा मात्र तिरक्या उजेडात दिसतो.

गुरुवार, २२ ऑक्टोबर

पहाटे सौसनला इस्पितळात नेलं. दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप. नाव नुहा. परवा घरी येतील. लल्लाने खोलीत साखर वाटली, पण रडत वाटली. मी रागावले.

पाटी आठ दिवसांत तीनदा धुतली. व्हिनेगरने, मग वाळूने. ४ आहेच.

शुक्रवार, २३ ऑक्टोबर

लुत्फी आज माझ्यामागे मागे होता. मी डाळिंबं सोलत होते, तो दाणे खात होता. विचारलं, की बाळाचा नंबर पाच का. मी म्हटलं, आता नंबर नाहीत, तो खेळ संपला. मग म्हणाला,

"खाला, मी खोटं खोटं गैरहजर म्हणत होतो, हे पाटीला माहितीये ना?"

मी म्हटलं, पाटीला काय कळतं, मूर्खा. आणि त्याला पोटाशी धरलं. त्याचा लाल बूट माझ्या नडगीला लागला. दुखतंय अजून. मी मुलांना सहसा जवळ घेत नाही.

उद्या बाळ घरी येताना त्याचा हात धरून ठेवणार. सोडणार नाही. लिहून ठेवते.

शनिवार, २४ ऑक्टोबर

सौसन आणि बाळ घरी आले. सगळं व्यवस्थित पार पडलं. नौफलने कोंबडा कापला. तिन्ही मुलं नटूनथटून दारात उभी होती. हैथमने बाळाला पहिल्यांदा घेतलं, बेयाने उशी धरली, दुर्रा चावली नाही. हैथम, बेया, दुर्रा, नुहा. चार. पाटीवरचा आकडा बरोबर निघाला, आता उगाच कशाला घासायची.

बाळ उंबऱ्याच्या आत आलं तेव्हा मी मूठ घट्ट आवळून उभी होते. का, कोण जाणे. तळहातात नखं रुतली आहेत.

सोमवार, २६ ऑक्टोबर

घर शांत. जरा जास्तच. मुलं हसत नाहीत.

बेयाने जेवायला एक चमचा जादा मांडला. कुणासाठी, विचारलं. तिला सांगता येईना. रडू लागली. रागावण्यासारखं काही नव्हतं, तरी मी रागावले.

बुधवार, २८ ऑक्टोबर

कोठाराच्या पायरीवर लाल रबरी बूट. एकच. दुर्राच्या पायाला मोठा, हैथमच्या पायाला लहान. नौफल म्हणाला, शेजाऱ्यांचा असेल. मी शेजारी जाऊन विचारून आले. त्यांच्याकडे मूल नाही.

नडगीवर निळा डाग आहे. कशाने लागलं, ते या वहीत लिहिलं असेल. मी सगळं लिहिते.

त्याच दिवशी, दुपारी

वही पहिल्यापासून वाचली.

लुत्फी कोण?

अक्षर माझं आहे. शाई माझी. "मुलं चार," मी लिहिलंय, बाळ यायच्या आधी, आणि त्यात हे नाव. पुढचे दोन दात पडलेले. मला चेहरा आठवत नाही. पानापानावर तो बोलतोय आणि मला आवाज आठवत नाही.

गुरुवार, २९ ऑक्टोबर

सौसनला विचारलं. हसली. म्हणाली, खाला, मी आई आहे, मला माझी मुलं माहीत नसतील? ही चौथी. मी म्हटलं, तू मला पाचवी खेप म्हणून बोलावलंस. हसू थांबलं. बाळाला छातीशी घेतलं आणि पोटावर हात ठेवून बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली. मग मला खोलीतून जायला सांगितलं.

शुक्रवार, ३० ऑक्टोबर

लल्लाकडे गेले. तिलाही आठवत नाही. पण तिच्या शालीच्या काठाला गाठी आहेत. नातवंड झालं की एक गाठ, मोजायची नाही, नुसती चाचपायची. तिने माझं बोट धरून एकेकीवर फिरवलं. चार गाठींना नावं आहेत. पाचवीवर बोट ठेवलं आणि म्हातारी लहान पोरासारखी रडली. कोण ते ठाऊक नाही, पण हुंदका येतो, म्हणाली.

मी म्हटलं, चूक माझी, दुरुस्त मीच करणार. पाटीवर पाच लिहीन, हजेरी घेईन. कमी पडलं तर भरतं ना?

तिने माझं मनगट पकडलं. आंधळ्या बाईला इतकी ताकद. "भरतं, हेडबाई. पण जे भरतं, ते सांडलेलं नसतं."

मग सांडलेलं कुठे जातं? तिला माहीत नाही. मापाऱ्यांनी ते कधी उचललं नाही. ते पाखरांचं.

रविवार, १ नोव्हेंबर

वहीतलं त्याचं नाव फिकट होतंय. इतर शाई काळीच. रोज सकाळी गिरवते. आज दोन ठिकाणी सापडलंच नाही. मोकळी जागा फक्त.

दोन दिवसांत काहीच उरणार नाही. मग मला दुःखसुद्धा—

सोमवार, २ नोव्हेंबर, सकाळ

थांबून उपयोग नाही. लल्ला झोपली आहे. नौफल कामावर. मुलं वर आईपाशी, आतून कडी लावून घ्यायला सांगितली. पाटीवर ५ लिहिला. खडू दोनदा मोडला.

कोठारात डोकावले. माप उताणं आहे.

अंगणात उभी आहे. वही हातात. लिहिता लिहिताच पुकारते, म्हणजे विसरणार नाही.

हैथम. वरून पुटपुटला. बेया. दोन. दुर्रा. नुहा रडली, म्हणजे आहे.

लुत्फी.

काही नाही.

लुत्फी!

पायरीवर पाऊल. एक बूट, एक अनवाणी. बूट, अनवाणी. चार पायऱ्या आहेत. तीन झाल्या—

देवा, तोच. तोच असू दे. चेहरा सावलीत आहे. उंची तेवढीच. हसतोय. दात—

दात सगळे आहेत.

वहीत बघितलं. ११ तारीख. माझंच अक्षर. एकदाही "हजर" निघालं नाही, कधीच नाही. तू गैरहजर म्हण. पोरा, गैरहजर म्हण, मी हसेन, दम देणार नाही, फक्त—

स्वच्छ आवाज. खणखणीत. पहिल्या बाकावरचा.

"हजर, खाला."

वरची कडी वाजली. बेया दार उघडतेय, तिला वाटतंय की— बेया, नको, खाली येऊ न