मंगळवारी मी नसतो

नाशिक, ११ फेब्रुवारी १९८५

प्रिय कुंदा,

पाकिटावरचं अक्षर परकं बघून दचकली असशील. पत्ता सिंधुबाईंनी लिहिलाय. का, ते पुढे कळेल. सव्वा वर्ष झालं तुझा शब्द नाही. कॉलेज सोडलं तरी मी वाया गेलो नाही गं. गंगापूर रोडला एका डोळ्यांच्या दवाखान्यात केसपेपर सांभाळतो. सिंधुबाई खिडकीवर बसतात आणि मला 'अर्धे बी.ए.' म्हणून हाक मारतात. मी तडकतो, मग त्याच चहा पाजतात.

सध्या डॉक्टरांनी काचबिंदूच्या ऑपरेशनचे बहात्तरपासूनचे कागद काढायला लावलेत. जुन्या गठ्ठ्यातली माणसं बहुतेक हाताला धरून आणलेली. एक डोळा गेलेला, दुसरा जायच्या वाटेवर. विचारलं तर म्हणायची, मोतीबिंदू आहे, पिकू देत होतो! आता चाळिशीतली माणसं आपल्या पायांनी येतात, शिबिरात डोळ्याचं प्रेशर जास्त निघालं म्हणून. गेलेली नजर ऑपरेशनने तेव्हाही परत येत नव्हती, आजही येत नाही. पण यांच्याकडे राखायला पुष्कळ असतं.

आणखी एक कळलं. ऑपरेशनात डोळ्यातलं पाणी उतरायला बारीक वाट करतात. काही वर्षांनी ती बुजू शकते. दुखत नाही, खुपत नाही. 'आता बरंय' म्हणून घरी बसलेले कितीतरी जण पुन्हा कुणाचा तरी हात धरूनच आले.

दोन महिन्यांपूर्वी सत्त्याहत्तरच्या गठ्ठ्यात तुझ्या अण्णांचा कागद निघाला. दर तीन महिन्यांनी तारीख, एकही चुकलेली नाही. शेवटची त्र्याऐंशीच्या दिवाळीआधीची. दिवाळीनंतर मी इथे लागलो, ते आपल्या सिन्नरभर झालं आणि अण्णांनी इथे येणंच सोडलं.

तुला मागायला आलो तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, आधी पदवी घे. आणि मी भर अंगणात ओरडलो, एका डोळ्याने तुम्हाला माणूस काय दिसणार! तू पाण्याचा तांब्या तिथेच ठेवून आत गेलीस. तो तांब्या अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

तपासायला या म्हणून मी त्यांना तीन कार्डं टाकली. उत्तर नाही. मग उमगलं, शाळेत पाटीवर हात धरून माझं अक्षर अण्णांनीच, आमच्या गुरुजींनीच तर वळवलं. ते ओळखणार नाहीत होय?

म्हणून हे पत्र. माफी मागायला नाही, ती त्यांच्यासमोर उभा राहून मागेन. दर मंगळवारी मी शिबिराच्या गाडीबरोबर पेठला जातो, डॉक्टरांकडून मुद्दाम मागून घेतलंय. मंगळवारी अण्णांना सकाळच्या एस.टी.ने घेऊन ये. मी नसतो, हे त्यांच्या कानावर घाल. कुणी कळवलं ते सांगू नकोस. तू इथे आलेली असशील आणि मी तिकडे घाटात, तेही सोसेन. उत्तर लिहू नकोस. बुधवारी आल्या आल्या मी त्यांचाच कागद उघडतो. त्यावर नवी तारीख दिसली, की मला सगळं पोचलं.

तुझाच, अजून तसाच तापट,
मल्हारी