पट्ट्याला लावलेलं तेल

बोईसर, बुधवार, १८ ऑक्टोबर १९६७

हात तीनदा धुतले, तरी मुशी माशाच्या तेलाचा वास जात नाही.

परदेशी इंजिनिअरांच्या वसाहतीतलं, बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र आज पुन्हा चढावर अडलं. इंजिन चालू, चाकं जागच्या जागी. चाकं फिरवणारा पट्टा घसरतो. दोन दिवसांत मी ताण तपासला, पुल्या एका रेषेत आणल्या, पट्टासुद्धा नवा घातला. मग कारण एकच उरलं, म्हणून सकाळी साहेबांना अहवाल दिला: चालक क्लचवर पाय ठेवून चालवतो. चालक म्हणजे चिंचणीचे नारायणकाका. आता उद्यापासून ते खणकामावर. साठीला टेकलेला माणूस.

संध्याकाळी झाकण काढलं, तर नवा पट्टा ओला. आणि हा वास.

"काका, पट्ट्याला काय लावलंत?"

"मुशीचा तेल, बाय. होडीला लावतो तोच. नाय तं सुकून तडकंल." वर हसले. "तुमीच बोल्लाव ना, मशीनला रोज तेल द्या?"

बोलले होते. कुठे द्यायचं ते बोलले नव्हते. वास तर पहिल्या दिवशीही आला होता. वाटलं, काकांच्या कपड्यांचा असेल. तेच जास्त टोचतंय.

साहेब सातपर्यंत ऑफिसात असतात. दुसरा अहवाल लिहिला: "पट्टा तेलाने घसरला. तेल देण्याची सूचना माझी, आणि ती अपुरी." खाली सही केली. कागदालाही वास लागलाय. लागू दे. आत्ताच नेऊन देते.