बाबांच्या अ‍ॅम्प्लिफायरचे सात स्लायडर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून मनातल्या मनात). भावोजींचा गुडघा कसा आहे? मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबा तुझ्याकडे शांत बसतात, की डॉक्टरांनाच थेंब घालायला शिकवतात? इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे माणसं ठीक आहेत.

बाबांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर तुला माहीतच आहे (वर-खाली सरकणारे सात स्लायडर, वरून थाप मारली की दुसरा स्पीकर वाजतो तो). ते परत यायच्या आत त्याची खरखर घालवावी, एवढाच माझा शुद्ध हेतू. रेडिओ दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितलं, फटींत साफसफाईचा स्प्रे मारा आणि प्रत्येक स्लायडर पंचवीस वेळा वर-खाली करा. घरात स्प्रे नव्हता, शिलाई मशीनचं तेल होतं. दोन्हींना बारीक नळी असते, त्यामुळे मला फरक कळला नाही. तेल घातलं, धूळ पुसली, मोजून पंचवीस वेळा सरकवले (चौथ्याच्या वेळी फोन आला, त्याचे बहुधा चाळीस झाले) आणि सगळे मधोमध एका रांगेत उभे केले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

मग गाणं लावलं. सुरुवात झकास. थोड्या वेळाने वाद्यं दबली, मग गाणारीचाही आवाज खोल गेला. मला वाटलं, गाणं संपत आलं. बायको म्हणाली, संपलं नाही, बसलंय. जवळ जाऊन पाहिलं, तर सातही स्लायडर आपणहून हळूहळू खाली उतरत होते. दुरुस्तीवाला येऊन बघून गेला. स्लायडर जरा जड चालावा म्हणून आत ग्रीस असतं म्हणे, ते मी तेलाने घालवलं. तो ते पुन्हा भरून देणार आहे, पण जाताना त्याने विचारलं, आधी कोणता कुठे होता? खुणा होत्या त्या धुळीतच, आणि ती धूळ आता माझ्या हातातल्या काळ्या फडक्यावर होती.

त्या जागा आईने लावल्या होत्या, ताई. ती गेल्यापासून नऊ वर्षं बाबा फक्त चालू-बंदचं बटण दाबतात. तिथली धूळ पुसायला गेलं की ते अंगावर यायचे, ते का, हे मला आत्ता कळतंय. मला फार वाईट वाटतंय. शिवाय हे अजून कळत नाही, की जे कोणी हलवतच नव्हतं, ते मी पंचवीस वेळा का हलवलं.

तुझा,
तेलकट हातांचा धाकटा भाऊ

ता. क. भाची अ‍ॅम्प्लिफायरला धरून उभी राहिली होती, तो फोटो लगेच पाठव. भिंगातून जागा मोजीन. (तिचा हात स्लायडरवर असेल, तर त्याच्या आदल्या दिवसाचा पाठव.)

पुन्हा ता. क. डोळ्यांमुळे बाबांना हल्ली सगळी पत्रं तू मोठ्याने वाचून दाखवतेस, हे आत्ता लक्षात आलं. हे दाखवू नकोस.

शेवटचा ता. क. दाखवून झालं असेल, तर फोटो राहू दे. त्यांनाच विचार. सातही जागा त्यांना पाठ असतील.