गुरुजींनी रचलेला फितूर

पोळ्याची आदली संध्याकाळ, हिंगोली

"गावकऱ्यांनो, आपल्या मुलखाचा इतिहास कुणी लिहिलाच नाही, हे आपलं सगळ्यांचं दुखणं." कादंबरीकार गुरुजींच्या स्मृतिदिनी आज असं बोललो. टाळ्या पडल्या. पुढचं कुणालाच नको होतं.

निजामाच्या काळात गुरुजींनी गावाच्या गढीविषयी कादंबरी लिहिली; या भागातली पहिलीच. लढाई रचली, फितूर रचला, त्याला शेजारच्या घराचं आडनाव दिलं. गावाने खरं धरलं. तेव्हापासून पोळ्याला त्या घरचे बैल वेशीवरच्या मानाच्या तोरणाखालून जाऊ देत नाहीत. गुरुजी मरेपर्यंत दारोदार सांगत फिरले, की तो माणूस मी रचला. लोक म्हणाले, म्हातारा शेजाऱ्याला पाठीशी घालतोय.

आज मीही तेच सांगितलं. सरपंच हसला. "साहेब, फितूर खोटा तर लढाईबी खोटी. मंग आमच्या गावाला राहिलं काय?"

त्या घरची सून मला मांडवाबाहेर गाठून म्हणाली, "काहून बोललात, दादा? गाव आनखी चिडलं. आता उद्या बैल गोठ्यातच ठेवतो आमी."

बोललो ते चुकलं का? नाही. पण ते तोरण डोळ्यांपुढून हलत नाही. शेवटी एवढंच म्हणायला हवं होतं: गावकऱ्यांनो, लढाई ठेवा तुमच्याजवळ. उद्या त्या घरचे बैल तोरणाखालून जाऊ द्या.