मेणकापडाचा खिसा

दि. ३, मंगळवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपलं तिसऱ्या मिनिटाला वाजतं, म्हणून हे पत्र. मला जहाजावर नोकरी लागली. काम तेच, धुण्याचं आणि इस्त्रीचं, फक्त चादरी आठशे आणि खिडकीबाहेर पाणी. सोळा तारखेला हजर व्हायचंय, ते थेट वर्षभरासाठी. दुकान भागीदार बघेल. प्रश्न टाचणीचा आहे.

बाबा गेल्यापासून पाच महिने मी तिला सांभाळतोय, म्हणजे खरं तर तीच मला सांभाळून घेते. घरात गरीब गाय. पण बाहेर दुसरा कुत्रा दिसला की अंगात आल्यासारखं करते. दोन पायांवर उभी राहून घसा बसेपर्यंत भुंकते. पिल्लू असताना तिला बाजारातल्या कुत्र्यांनी फाडलं होतं. आपले बाबा पडले शिंपी, कान स्वतःच शिवला आणि नाव ठेवलं टाचणी. तिला घ्यायला कुणी तयार नाही. तूही नाही म्हणालीस तर प्राण्यांच्या आश्रमात सोडावं लागेल, आणि असलं कुत्रं तिथून कुणी घरी नेत नाही. माझ्याच्यानं ते होणार नाही, ताई.

नऊला दुकानाची व्हॅन घेऊन निघतो, चौदाला तुझ्या दारात. मुक्कामाच्या लॉजचे पत्ते मागे लिहिलेत. निघायच्या आधी सगळं स्वच्छ करून टाकलंय, तिचं अंथरूण, पट्टा, बाबांचा तपकिरी कोटसुद्धा. त्याला उजवीकडे आतून मेणकापड लावलेला खिसा निघाला, तळाशी पावाचे वाळके तुकडे चिकटलेले. चांगल्या कोटाला मेणकापड! तीनदा धुतला तेव्हा तुकडे सुटले.

माझ्यावर लोभ आहेच, तो थोडा टाचणीकडे वळवावा.
तुझा,
साबण्या

दि. ६, शुक्रवार

चि. साबण्यास,
अनेक आशीर्वाद आणि दोन धपाटे.

हे पत्र दुसऱ्या मुक्कामावर मिळेल अशा बेताने टाकतेय. टाचणीला घेऊन ये. पण कोट का धुतलास रे? पाच महिने मी रोज ठरवत होते की तुला लिहावं, तो कोट धुऊ नकोस, माझ्याकडे पाठवून दे. आज लिहू, उद्या लिहू करत राहून गेलं. मशीनचं तेल, खडू आणि गरम इस्त्रीखालचं ओलं कापड, हा वास आता कुठून आणायचा? तुला बोलून काय उपयोग, तुझा धंदाच वास घालवायचा.

आणि ते तुकडे उगीच नव्हते. आठव, आपण दोघं भांडायला लागलो की बाबा काय करायचे? रागवायचे नाहीत. बटणांचा डबा जमिनीवर उपडा करायचे आणि म्हणायचे, शोधा. मी डावखुरी, म्हणून नेहमी तुझ्या हातावर आपटायची. शेवटचं बटण सापडेपर्यंत भांडण कशावरून होतं तेच आठवायचं नाही. माझी खात्री आहे, टाचणीसाठीही त्यांनी तेच केलं असणार. दुसरा कुत्रा लांब आहे तोवर गवतात तुकडे टाकून बघ. आणि पट्टा आवळून धरू नकोस, तुला सगळंच आवळून धरायची सवय आहे.

इथली अडचण सांगते. चष्म्याच्या दुकानात दिवसभर भिंगं घासून मी जिथे परत येते, त्या दोन खोल्या घरमालकीणबाईंच्या. त्यांचा म्हातारा जाडा कुत्रा दिवसभर अंगणात लोळत असतो. बाईंनी आठ दिवस दिलेत. त्यानंतरही टाचणी त्याच्या अंगावर धावली तर तिने जायचं, नाहीतर आम्ही दोघींनी.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तीन वर्षांपूर्वी मी बाबांना लिहिलं होतं, आता माझ्याकडे राहायला या. महिन्याने उत्तरादाखल एक पार्सल आलं. वर चिठ्ठी नाही, काही नाही, बाहेरून हाताला लागलं ते कापड. माणूस मागितला आणि कापड आलं. मी रागाने ते तसंच कपाटावर टाकलं, अजून फोडलेलं नाही. आता तर धीरच होत नाही. आत बाबांचा नकार आहे, तो आता कशाला बघू?

व्हॅन सावकाश हाक.
तुझी,
ताई

दि. ११, बुधवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बहुधा पत्राआधी मीच पोचेन, तरी लिहितो. पहिल्या दिवशीची बाग म्हणजे आमची वरातच. टाचणीने एका केसाळ कुत्र्याला पाहिलं आणि मला फुलांच्या वाफ्यातून ओढत नेलं. त्याचा मालक लांबूनच ओरडून सांगत होता की त्याचा काही करत नाही. मीही ओरडून सांगितलं की आमची करते. दोन बायकांनी मला तोंडावर सांगितलं, असलं जनावर घेऊन माणसांत येऊ नये. मी व्हॅनमागे जाऊन बसलो आणि रडलो. हसू नकोस.

काल तुझं पत्र मिळालं. आज सकाळी तळ्याकाठच्या बागेत बाबांचा कोट घालून त्या खिशात पावाचे तुकडे भरले आणि कडेकडेने चाललो. एक बाई तिचा कुत्रा घेऊन येताना दिसली. मी पट्टा सैल सोडला आणि तुकडे गवतात फेकले. टाचणीचे कान उभे, मानेवरचे केस उभे, आणि मग ताई, तिने मान खाली घातली! सगळे वेचेपर्यंत ती बाई पुलापलीकडे गेली होती. दुपारी दुसऱ्या बागेत मात्र पुन्हा तमाशा झाला, तेव्हा फार खूश होऊ नकोस. ती धुतलेला कोट हुंगते आणि तोंड फिरवते. मी तिचीही माफी मागितलीय.

पार्सलचं वाचून एक आठवलं. बरोबर तीन वर्षांपूर्वीच बाबांनी मला विचारलं होतं, व्हॅनमध्ये कुत्रं पाच दिवस नीट बसेल का. मी म्हटलं, तुम्ही तरी बसाल का? मग बरेच दिवस ते रोज विचारायचे, ताईचं पत्र आलं का. नंतर विचारायचे थांबले.

तुझा,
साबण्या

दि. २३, सोमवार

चि. साबण्यास,
अनेक आशीर्वाद.

बंदराच्या पत्त्यावर पाठवतेय, जहाज लागेल तेव्हा मिळेल.

तू गेलास आणि टाचणीने पलंगाखाली घर केलं. खाणं नाही, पिणं नाही. बाहेर काढली की अंगणातल्या म्हाताऱ्यावर झेप. तो बिचारा एक डोळा उघडायचा आणि मिटायचा. घरमालकीणबाईंनी रविवारी सकाळी स्वतः उभं राहून बघायचं ठरवलं. शनिवारी बघते तर टाचणी पलंगाखालून निघून कपाटासमोर बसलेली. वर बघत होती आणि बारीक आवाजात रडत होती. हाकलली तरी परत तिथेच. शेवटी मी स्टुलावर चढून पार्सल खाली काढलं. माझ्याआधी तिनेच सुतळीला दात लावले.

आत कोट निघाला रे, माझ्या मापाचा, तपकिरी. आणि तो वास, तेल, खडू, इस्त्री, सगळा तसाच! टाचणीने अस्तरात तोंड खुपसलं ते काढेना. तिच्याशेजारी जमिनीवर बसून मीही खुपसलं. खूप रडले.

मग खिसे चाचपले. एक खिसा आतून मेणकापड लावलेला होता, डावीकडचा.

टाचणीच्या तुकड्यांसाठी, माझ्या डाव्या हाताला येईल असा. साबण्या, बाबा नाही म्हणाले नव्हते. आधी कोट पाठवला होता, मागून ती दोघं येणार होती. पार्सल मिळालं एवढं एक ओळीचं पत्र मी टाकायचं होतं.

रविवारी कोट घालून अंगणात गेले. पट्टा सैल, तुकडे गवतात. म्हातारा डुलतडुलत चार हातांवरून गेला, टाचणी एकदाच गुरगुरली आणि पुन्हा वेचायला लागली. गुरगुरणं चालेल, असं बाई म्हणाल्या. आता आम्ही रोज सकाळी बागेत जातो, कडेकडेने. कोटाला तू आल्यावरही हात लावायचा नाही.

ख्यालीखुशाली कळवत जा. आलेल्या पत्राचं उत्तर मी आता त्याच दिवशी देते.

तुझी,
ताई